पायनांगराची खुंटी

साबिनो तुर्पोने आपला पायनांगर, म्हणजे पायाने दाबून जमीन उघडायचं लाकडी अवजार, देऊन टाकला तो जूनचा दुसरा सोमवार होता; पुनोच्या डोंगरांत हा ऐन हिवाळा. त्याची बायको बासिलिया तेव्हा खालच्या सपाटीवर बटाटे पसरत होती. वरच्या पायवाटेने शेजारचा एपिफानियो खांद्यावर एक लांब लाकूड टाकून चालला होता, आणि त्या लाकडाचा बाक तिच्या ओळखीचा होता.

"काय नेतोयस रे?" तिने खालून हाक मारली.

एपिफानियो थांबला. त्याच्या धाकट्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी साबिनोने हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत.

"कोंपाद्रेने दिला. मी दोनदा नको म्हटलं."

"उसना?"

"उसना नाही. ठेवून घे म्हणाला."

बासिलिया पुन्हा बटाट्यांकडे वळली. ऊन उतरत होतं, वारा पडला होता, आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. रात्री कडाक्याचं हिम पडणार होतं, आणि त्यासाठीच हे बटाटे उघड्यावर पसरायचे होते. तीन रात्री गोठले की उन्हात सैल पडू द्यायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. मग त्याचा चुन्यो होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तिने उरलेली दोन पोती पसरली, एकावर एक आलेले बटाटे पायाच्या अंगठ्याने सुटे केले आणि मग ती घरी चढून आली.

साबिनो भिंतीला टेकून मेंढीच्या कातड्यावर बसला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात होती, जणू बोटांत बी धरून तो ते पारखत होता. हे चार वर्षांपासूनचं. चेहरा थिजला तो गेल्या दोन वर्षांत. भुवया हलत नव्हत्या, हसू येत नव्हतं. पार्किन्सन्स हे नाव तालुक्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. वाडीत मात्र त्याला नुसतं 'थरथर' म्हणत.

"पायनांगर कशाला दिलास?"

"एपिफानियोचे पाय चांगले आहेत."

"ऑक्टोबरात जमीन कोण उघडणार? मी बी कुणाच्या मागून टाकायचं?"

"तो उघडेल."

"आणि तू?"

साबिनोने समोरच्या डोंगराकडे पाहिलं. "मी कुठे असेन ऑक्टोबरात," तो म्हणाला. उद्या वारा सुटेल की नाही हे सांगावं, तशा आवाजात.

बासिलियाने नखांतली माती काढली. तिच्या काकाने एकदा असंच केलं होतं. आधी विळा दिला, मग दोर, मग टोपी. टोपी दिल्याच्या चौथ्या दिवशी तो तळ्याच्या कडेला सापडला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि ती टोपी तिच्याच वडिलांना मिळाली होती.

ती आत गेली. खुंटीवरचा दोर काढून तिने पिठाच्या पिंपात खाली दाबला आणि वरून पीठ सारखं केलं.

गुरुवारी तुडवणी होती. बटाट्यांचे छोटे ढीग करून ठेवले होते. वरचा बर्फ उन्हाने सुटला होता, आतला गाभा अजून थंड होता. एपिफानियो आणि त्याची बायको कासिमिरा मदतीला आले होते. मागच्या आठवड्यात साबिनो आणि बासिलिया त्यांच्याकडे तुडवायला गेले होते. सगळे अनवाणी होते. पायाखाली बटाटा आधी निसटतो, मग दबतो, मग त्याची साल सुटते आणि बोटांच्या मधून फेसाळ करडं पाणी वर येतं. पहिल्या ढिगालाच घोटे बधिर होतात.

"कोंपाद्रे रुसलेत का आमच्यावर?" कासिमिरा म्हणाली. साबिनो हाताच्या अंतरावर होता, पण तिने विचारलं बासिलियाला. "परवा वाटेत भेटले. मी हसले, तर दगडासारखे बघत राहिले."

"त्याचं तोंड हलत नाही, कासिमिरा. आजार आहे तो."

"आजार हाताला आहे. तोंडाला काय झालं? जेवताना तर छान हलतं."

एपिफानियो हसला. साबिनो तुडवत राहिला. सपाट जमिनीवर त्याचे पाय मध्येच रुतल्यासारखे थांबायचे, पण ढिगावर चढला की तो त्याचा जुना ठेका धरायचा. डावा, डावा, उजवा. डावा, डावा, उजवा. त्याचा ढीग सगळ्यांच्या आधी सपाट झाला.

ओढ्यापलीकडच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली. साडेदहा. साबिनो ढिगावरून उतरला आणि मेंढवाड्याच्या भिंतीमागे गेला. कालही याच वेळी तो तिकडे गेला होता. लघवीला गेला असेल, असं तिला वाटलं होतं. आज मात्र ती मागोमाग गेली.

तो दोन्ही हात भिंतीवर रोवून, कपाळ दगडाला टेकवून उभा होता. एवढ्या थंडीत त्याच्या मानेवरून घाम उतरत होता.

"काय होतंय?"

"येतेय."

"काय?"

"भीती."

"कशाची?"

"कशाचीच नाही. कुणी आलेलं नसतं, काही पडलेलं नसतं. पोटातून वर येते. मग वाटतं, आता हे पुरे."

"रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"गेल्या काढणीपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कामात होतीस," साबिनो म्हणाला.

तिने त्याच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला आणि तशीच उभी राहिली. भिंतीच्या पलीकडे कासिमिरा मोठ्याने विचारत होती, नवराबायको कुठे गायब झाली, आणि एपिफानियो तिला गप्प बस म्हणत होता. दुपारची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात साबिनोचे खांदे खाली आले. त्याने चुलीजवळ बसून दोन वाट्या किन्वाच्या दाण्यांचं सार प्यायलं.

दुसऱ्या दिवशी बासिलियाने भीती आली तेव्हा दाराच्या आतल्या जमिनीवर उन्हाची कड जिथे होती तिथे कोळशाने रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. तिन्ही रेघा मिळून दोन बोटांच्या रुंदीत आल्या. सकाळची गोळी तो सहाला घ्यायचा, दुपारची बाराला. ती दारात उकिडवी बसून बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

मनाच्या दवाखान्यात ती दोघं याआधी दोनदा जाऊन आली होती. थरथरीच्या डॉक्टरांनीच मार्चमध्ये पाठवलं होतं. झोप येत नाही, अन्नावरून मन उडालंय हे ऐकून त्यांनी चिठ्ठी दिली होती. दोन्ही वेळा बासिलियाने पहाटे पाणी तापवून त्याचे केस धुतले. सदरा रात्रभर गादीखाली ठेवून त्याच्या सुरकुत्या घालवल्या. टोपी घासली. आणि दुसरी गोळी जवळ ठेवून सकाळची अगदी वेळेवर दिली, म्हणजे सरकारी माणसांसमोर तो थरथरणार नाही. कचेरीत जायचं तर ताठ जायचं हे तिला बापाने शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापाने. नऊ वाजता साबिनो ताठ बसला आणि म्हणाला, "बरं आहे, बाई." कागदावरच्या एकेका प्रश्नाला त्याने "कधी नाही" असं उत्तर दिलं. तिथल्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या खेपेला, आता तीन महिन्यांनी या, म्हणाल्या. परतताना गाडीत बासिलियाला अभिमान वाटला होता. एकदाही हात हलला नव्हता.

आपण त्या बाईंना दोन्ही वेळा भलताच माणूस दाखवला, हे तिला आता रेघांसमोर बसून कळलं.

"पुढच्या सोमवारी तालुक्याला जायचं," ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली.

"तीन महिने व्हायचेत."

"मी सकाळी शाळेतून फोन केला. नऊची वेळ दिलीय."

"तिथे कोण बसलेलं असतं माहीत आहे ना? बायकोला मारणारे. पोलिसांनी चिठ्ठी देऊन धाडलेले."

"मग तूही मला मारलंस म्हणून सांग."

"तुला मारायला हात स्थिर लागतो."

ती हसली. त्याचा चेहरा तसाच राहिला, पण तो बोलून तिच्याकडे बघत राहिला. ती हसते की नाही हे बघण्यासाठी त्याने मान वळवली, असं बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं.

"यावेळी साडेदहापर्यंत तिथेच बसायचं," ती म्हणाली. "येईपर्यंत."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

साबिनोच्या बोटांत बी फिरत राहिलं. "इथे भिंतीमागे जातो. तिथे कुठे जाणार मी?"

"कुठेच नाही."

त्याने खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, "टोपी तरी घासून ठेव."

दवाखान्याच्या ओसरीत दोन बाकं होती. समोर तान्हं बाळ घेतलेली एक पोरसवदा बाई होती आणि जाड मानेचा एक ट्रक ड्रायव्हर, त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. साबिनो टोपी गुडघ्यावर ठेवून ताठ बसला.

"साबिनो तुर्पो!" यादी धरलेल्या मुलीने नऊला पुकारलं.

"अजून यायचाय," बासिलिया म्हणाली.

"हे काय बसलेत की."

"हा आलाय. आजार यायचाय."

"आजी, वेळ आजाराने घेतलेली नाही, यांनी घेतलीय. आत्ता नाही गेलात तर नंबर जाईल."

आवाज ऐकून मानसोपचाराच्या बाई बाहेर आल्या. त्यांचं नाव यानिना. शहरातून आलेल्या, तिशीच्या आत-बाहेरच्या, अंगात दोन स्वेटर. बासिलिया उभी राहिली.

"बाई, नऊ वाजता हा तुमच्यासमोर बसतो तेव्हा बरा असतो. आम्ही त्याला बरा करून आणतो. गोळी घालून, केस धुऊन. दोनदा तुम्ही त्यालाच बघितलंत. घरी साडेदहाला दुसराच असतो. तीन दिवस मी उन्हावर रेघा मारल्या. दोन बोटांचासुद्धा फरक नाही."

यानिनाबाईंनी साबिनोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "पुढच्यांना आधी घेते," त्या यादीवाल्या मुलीला म्हणाल्या. "हे बसतील."

बाळवाली बाई आत गेली. ड्रायव्हर साबिनोकडे सरकला आणि त्याने चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी पुढे केली. साबिनोने दोन पानं घेतली.

"तुम्ही कुणाला मारलंत, बाबा?"

"अजून कुणाला नाही."

ड्रायव्हर खो खो हसला. मग हातातल्या कागदाकडे बघून गप्प झाला.

सव्वादहाला गुडघ्यावरची टोपी हलायला लागली. साबिनोने तिच्यावर डावा हात ठेवला, तर दोन्ही हात हलायला लागले. साडेदहाला टोपी खाली पडली. कपाळावर घाम आला. तो दाराकडे बघायला लागला, बाहेरच्या दाराकडे.

"घरी चल, बासिलिया."

"नाही."

"चल म्हणतो ना."

"आली ना? मग आता आत जायचं."

यानिनाबाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. साबिनो उठला. चार पावलं आला आणि उंबऱ्याशी, जिथे काळी फरशी संपून पांढरी लागत होती, तिथे त्याचे पाय रुतले. वरचं अंग पुढे झुकलं, पाय मागेच राहिले. यादीवाली मुलगी धावत आली आणि त्याचा दंड ओढायला लागली.

"ओढू नकोस, पडेल," बासिलिया म्हणाली. ती त्याच्या बाजूला उभी राहिली, तिने चपला काढल्या आणि फरशीवर जागच्या जागी तुडवायला सुरुवात केली. "डावा, डावा, उजवा. डावा, डावा, उजवा."

तिची जाड, भेगाळलेली पावलं फरशीवर थाप थाप वाजत होती. काही होईना. मग बाकावरून ड्रायव्हरचा बूटही त्याच ठेक्यावर पडायला लागला. तोही कुठल्या तरी वाडीचाच असणार. साबिनोचा डावा पाय उचलला गेला. पुन्हा डावा. मग उजवा. ओसरीभर माणसं बघत असताना, जिथे एकही बटाटा नव्हता तिथे बटाटे तुडवत साबिनो तुर्पो उंबरा ओलांडून आत गेला.

यानिनाबाई टेबलामागे बसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"आत्ता काय होतंय?"

"पळावंसं वाटतंय. पाय नाहीत. श्वास इथपर्यंतच येतो." त्याने छातीवर हात ठेवला.

"अशा वेळी मरण्याचा विचार येतो?"

बासिलियाने फरशीकडे पाहिलं. असं सरळ कुणी विचारू शकतं, हे तिला माहीत नव्हतं.

"येतो," साबिनो म्हणाला.

"काही ठरवलंय?"

त्याने हात छातीवरून खाली घेतला. "पायनांगर देऊन टाकलाय."

बाईंना ते समजलं नाही. बासिलिया सांगायला लागली, पण साबिनोने हात वर केला. हात थरथरत होता, पण त्याने तो तसाच वर धरला. "ज्याला ऑक्टोबरात पेरायचं असतं तो आपला पायनांगर देत नाही, बाई."

यानिनाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, हात थरथरतो तशीच ही आतली थरथर आहे," त्या म्हणाल्या. "गोळीचा असर उतरला की वर येते. मन उदास होणं, झोप जाणं, तेही या आजारात होतं. फार जणांना होतं आणि फार थोडे सांगतात. याला उपाय आहेत."

"मला वाटलं मी भित्रा झालो. म्हातारपणी होतात काही जण."

"भित्रे आहात की नाही ते मला माहीत नाही. पण साडेदहाला येते ती भीती तुमची नाही, गोळीच्या वेळेची आहे."

साबिनोने हे ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हलला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र ओघळलं, आणि ते पुसायला हात नीट पोचेना म्हणून त्याने तसंच ओघळू दिलं.

बाईंनी तिथूनच थरथरीच्या डॉक्टरांना फोन लावला, मग पुनो शहरातल्या मनाच्या डॉक्टरांना. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, दोनांच्या मधलं अंतर कमी केलं. उदासीसाठी वेगळी गोळी ठरली. ती लगेच काम करणार नव्हती, चार-सहा आठवडे धीर धरायचा होता. दर सोमवारी यायचं, साडेदहालाच. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. घरात दोर, पिकावर फवारायचं विष वगैरे ठेवायचं नाही.

"दोर मी केव्हाच लपवलाय," बासिलिया म्हणाली.

"पिठाच्या पिंपात आहे," साबिनो म्हणाला. "मला माहीत आहे."

बासिलियाने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मग तो दुसऱ्याच्या घरी जाऊ दे," यानिनाबाई म्हणाल्या. "आजच."

दोर कासिमिराकडे गेला. तो कशासाठी द्यायचा हे सांगणं बासिलियाला दवाखान्यापेक्षा अवघड गेलं. कासिमिराने दोरावरचं पीठ झटकलं, पुन्हा झटकलं. एकही टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी ती आपलं विणकाम घेऊन आली आणि साबिनोशेजारी बसली. तिला ओरडूनच बोलायची सवय होती. सुनेचं, मेंढीचं, चर्चच्या छपराचं असं सगळं तिने त्याला सांगितलं. तो हसतो का हे बघायला थांबली नाही. "तुमच्याशी बोलायला बरं पडतं, कोंपाद्रे," ती उठताना म्हणाली. "मध्ये तोंड वेडंवाकडं करत नाही तुम्ही."

जुलै गेला. चुन्यो वाळला, बुचासारखा हलका झाला आणि पोत्यांत भरला. पहिले तीन आठवडे फरक पडला नाही, उलट साबिनोला मळमळायचं. बासिलिया दारातल्या रेघा ओढत राहिली. मग एका दिवशी भीती आली नाही. पुढच्या दिवशी आली. ऑगस्टअखेर ती आठवड्यातून दोनदा यायची, आणि आली की साबिनो भिंतीमागे न जाता अंगणात बसून "आली" म्हणायचा. बासिलिया "बसू दे" म्हणायची. सोमवारी तो बाईंना तिची हकिकत सांगायचा, जशी पाहुण्याची सांगावी: किती वेळ बसली, काय बोलली, केव्हा उठली. हात थरथरायचा थांबला नव्हता. तो थांबणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाडीत पेरणीची बोलणी सुरू झाली. साबिनोने एका सकाळी टोपी घातली आणि तो एपिफानियोच्या घराकडे निघाला. बासिलिया येत होती, तिला त्याने परत पाठवलं. ओढ्याजवळ त्याचे पाय एकदा रुतले. तिथे थांबून त्याने ठेका मोजला आणि पुढे गेला.

"दिलेली वस्तू परत मागायला आलोय," तो दारातूनच म्हणाला. "लाज वाटते."

"वाटू दे," एपिफानियो म्हणाला.

तो आतून पायनांगर घेऊन आला. पातं घासून चकचकीत केलं होतं. पाय ठेवायची खुंटी मात्र चार बोटं वर चढवून नव्या चामड्याने बांधली होती, कारण एपिफानियो उंच होता.

"तू ठेवून घे म्हणालास. मी माझ्या पायाला लावून घेतला."

"बरोबर आहे."

दोघं अंगणात बसले आणि चामडं सोडायला लागले. ते सुकून लाकडाला चिकटलं होतं. साबिनोच्या बोटांना गाठ सापडेना. एपिफानियोने दातांनी ओढली. कासिमिरा दारात येऊन उभी राहिली.

"दोन म्हातारे, चार हात. त्यातले चालतात किती?"

"तीन," साबिनो म्हणाला. "चौथा नाचतो."

खुंटी खाली सरकली. एकतीस वर्षं बांधून झिजलेली खाच तिथे तशीच होती, खुंटी आपोआप बसली. एपिफानियोने चामडं ओलं करून सात वेळा गुंडाळलं आणि गाठ मारली.

"आणि दोर?" त्याने खाली बघत विचारलं. "तो पण न्यायचाय?"

साबिनोने विचार केला. "दोर राहू दे तुझ्याकडे. अजून."

"राहू दे."

साबिनो उठला. पायनांगर अंगणाच्या कडेला मऊ जमिनीवर उभा धरून त्याने डावा पाय खुंटीवर ठेवला. सगळं लाकूड वरपासून खालपर्यंत थरथरायला लागलं.

"हलतेय खुंटी," एपिफानियो म्हणाला. "थांब, आणखी एक वेढा देतो."

"खुंटी घट्ट आहे," साबिनो म्हणाला. "हलतोय तो पाय." आणि त्याने अंगाचा सगळा भार त्या पायावर टाकला.